दिनकर केळकर आणि आमच्या आजीचा अडकित्ता

आपल्या भित्तिपत्रकात दर महिन्याला एका थोर व्यक्तीची माहिती असते. शिवाजी महाराज झाले, सावित्रीबाई फुले झाल्या, गाडगेबाबा झाले. या खेपेला माझी पाळी आली. मी बाईंना विचारलं की ज्यांनी लढाई केली नाही, किल्ला जिंकला नाही, ज्यांचं चष्म्यांचं दुकान होतं अशा माणसाबद्दल लिहिलं तर चालेल का. बाईंनी सांगितलं चालेल, पण अक्षर नीट काढायचं आणि सन चुकवायचे नाहीत. म्हणून मी सन दोन-दोनदा तपासून लिहिले आहेत.

त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर. त्यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. त्यांचे जन्मगाव करंजगाव. ते पुणे जिल्ह्यात मावळात, कामशेतजवळ आहे. म्हणजे तेही आपल्यासारखेच खेडेगावात जन्मले. पुढे ते पुण्यास राहिले. तिथे त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. ते कविताही करीत असत. पण कवितेखाली ते स्वतःचे नाव लिहीत नसत, अज्ञातवासी असे नाव लिहीत. पांडव जसे अज्ञातवासात राहिले तसे.

आता मला ते कसे कळले ते सांगतो. जानेवारीत आमची सहल पुण्याला गेली होती. आमचं गाव सातारा रस्त्यापासून आत आहे. पहाटे पाचला एस.टी. निघाली. निम्मी मुलं झोपली आणि उरलेल्या निम्म्यांना गाडी लागली. पुण्यात पहिल्यांदा शनिवारवाडा पाहिला. त्याचा दिल्ली दरवाजा केवढा मोठा! हत्तीनं धडक मारू नये म्हणून त्याला अणकुचीदार खिळे मारलेले आहेत. पण आत गेलो तर नुसती दगडी जोती आणि बाग. १८२८ साली वाड्याला आग लागली आणि आतलं सगळं जळून गेलं. मला फार वाईट वाटलं. मी जोत्यावर बसून विचार करत होतो की इथं संध्याकाळी दिवा कसला लावत असतील, पाणी कशात तापवत असतील, जेवण झाल्यावर सुपारी कशानं कातरत असतील. पुस्तकात लढायांचे सन असतात, पण हे कुठंच लिहिलेलं नसतं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या थांब, आता आपण जिथं चाललोय तिथं विचार.

मग आम्ही शुक्रवार पेठेत गेलो. बाजीराव रस्त्याच्या जवळ नातू बाग म्हणून भाग आहे, तिथं एक संग्रहालय आहे. दारावर नाव वाचलं, राजा दिनकर केळकर संग्रहालय. मला वाटलं दिनकर नावाचा कोणी राजा होऊन गेला असेल आणि हा त्याचा राजवाडा असेल. मी मागच्या मुलांना तसं सांगूनही टाकलं. सगळे रांगेत एकदम शिस्तीत उभे राहिले.

बाईंनी माझी चूक दुरुस्त केली. दिनकर केळकर राजे नव्हते. राजा हे त्यांच्या मुलाचं नाव. तो मुलगा सात वर्षांचा असताना वारला. त्याची आठवण राहावी म्हणून त्यांनी संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. हे ऐकून कोणीच काही बोललं नाही. माझा धाकटा भाऊ दुसरीत आहे, तोही सातच वर्षांचा. त्याला आमच्या घरी कोणी राजा म्हणत नाही, कार्टं म्हणतात. मी त्याला सहलीहून येताना शिट्टी आणली.

ज्या माणसानं कवितेखाली स्वतःचं नाव घातलं नाही, त्यानं आपल्या मुलाचं नाव मात्र दारावर मोठ्या अक्षरात लावलं. आता पुण्याला येणारा जो तो ते नाव वाचतो.

आत काय काय होतं म्हणून सांगू! तलवारी आणि ढाली थोड्या होत्या, त्या मुलांनी आधी पाहून घेतल्या. पण खरी गंमत निराळीच होती. तिथं आपल्या घरातल्याच वस्तू होत्या! दिवे तर किती प्रकारचे. समया, निरांजनं, साखळीनं टांगायचे लामणदिवे. विळ्या, खवण्या, पानाचे डबे. दौती. कुलपं. पाय घासायच्या वज्र्या, त्यासुद्धा साध्या नाहीत, त्यांच्यावर पितळेचे पक्षी बसवलेले. वाद्यांचं दालन निराळं आहे. तिथं मोराच्या आकाराचं एक वाद्य होतं, ते मला फार आवडलं. आणि अडकित्ते! पोपटाचे, घोड्याचे, माणसांच्या जोडीचे. सुपारी कातरायला एवढं नक्षीकाम कशाला करायचं असं आमच्यातल्या एकानं विचारलं. पण मला वाटतं रोज हातात धरायची वस्तू चांगलीच दिसावी असं त्या लोकांना वाटत असेल. देवळावर नक्षी करतात ती लोक कधीतरी बघतात, अडकित्ता तर दिवसातून दहा वेळा हातात येतो.

शनिवारवाड्यात मला जे प्रश्न पडले होते त्यांची उत्तरं तिथं काचेमागं ठेवलेली होती. शिवाय तिथं मस्तानी महाल आहे. पहिल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला होता. तेव्हा कोथरूड पुण्याबाहेरचं गाव होतं, आता ते शहरातच आलंय. त्या महालाचे भाग केळकरांनी तिथून आणले आणि संग्रहालयात परत उभे केले. आपण पायांचा आवाज न करता आत गेलो की उगाच वाटतं कोणीतरी आतल्या खोलीत आहे.

आता चरित्राकडे वळतो, नाहीतर बाई म्हणतील सहलीचंच वर्णन लिहिलं.

केळकरांनी जुन्या वस्तू गोळा करायला १९२० च्या सुमारास सुरुवात केली. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. त्या काळात लोक जुन्या मूर्ती आणि नाणी जपत. पण अडकित्ता, वज्री, विळी, दिवा या काही जपायच्या वस्तू आहेत असं कोणाला वाटत नव्हतं. नवीन आलं की जुनं मोडीत जायचं. वाडे पाडले की त्यांचे कोरीव दरवाजे आणि खिडक्या जळणाला जायच्या. केळकर अशा वस्तू शोधत खेड्यापाड्यांतून हिंडले. महाराष्ट्रात हिंडले, गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेकडेही हिंडले. पैसे स्वतःचे घालायचे. दुकानात चष्मे विकायचे आणि दुसऱ्याच्या घरची फुटकी दौत विकत घ्यायची. लोक त्यांना हसले असतील असं मला वाटतं. आमच्या गावात कोणी असं केलं असतं तर नक्की हसले असते.

त्यांच्या पत्नीचे नाव कमलाबाई. त्यांनी या कामात केळकरांना साथ दिली. मी घरी आईला हे सगळं सांगत होतो तेव्हा आईनं पहिल्यांदा हेच विचारलं की एवढं पितळ घासत कोण होतं. मला सांगता आलं नाही. पण बहुतेक त्याच घासत असतील.

१९६० सालापर्यंत त्यांच्याकडे सुमारे १५,००० वस्तू झाल्या. मी याचं गणित करून पाहिलं. चाळीस वर्षांत १५,००० म्हणजे वर्षाला ३७५. म्हणजे दररोज एक वस्तू आणली तरी दहा वस्तू जास्तच होतात. (हा हिशोब माझा आहे, त्यांनी रोज एक आणली असं नाही. एखाद्या दिवशी पोतंभर आणल्या असतील.) १९६२ साली संग्रहालय सुरू झालं. आणि १९७५ साली त्यांनी आपला सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारकडे देऊन टाकला, म्हणजे तो सर्व लोकांचा झाला. आता तिथं वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. त्यांतल्या अडीच हजारच एका वेळी मांडलेल्या असतात. म्हणजे आपण सगळं संग्रहालय पाहून पाय दुखले म्हणून बाहेर येतो, तेव्हा आपण फक्त आठवा हिस्सा पाहिलेला असतो.

ते देऊन टाकलं याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. मी गोट्या जमवल्या आहेत, साठ आहेत. त्यांतली एक मागितली तरी मी भांडतो. ज्यानं पंचावन्न वर्षं जमवलं त्याला देताना कसं वाटलं असेल?

पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही पदवी दिली. म्हणून त्यांच्या नावामागे डॉक्टर लिहितात. ते औषध देणारे डॉक्टर नव्हेत. १७ एप्रिल १९९० रोजी ते वारले. तेव्हा ते ९४ वर्षांचे होते. माझे अण्णाही तेव्हा लहान होते, माझा तर पत्ताच नव्हता.

संग्रहालयात मी एक गोष्ट पाहिली ती सांगायची राहिली. एका कोरीव दरवाजासमोर नऊवारी नेसलेल्या एक म्हाताऱ्या आजी उभ्या होत्या. बरोबर त्यांचा नातू होता, तो मोबाईल बघत होता. आजी त्याला सांगत होत्या की त्यांच्या माहेरच्या वाड्याला अगदी असाच दरवाजा होता, तो वाडा पाडून आता तिथं मोठी बिल्डिंग झाली. दिंडीदरवाजातून डोकं वाकवून कसं जायचं ते त्यांनी करूनसुद्धा दाखवलं. नातवानं मोबाईल खिशात ठेवला. मग आम्हीही त्यांच्याभोवती गोळा झालो. त्यांनी आम्हाला अडसर म्हणजे काय, देवडी म्हणजे काय, सगळं सांगितलं. तिथले पाहुणे, दोन परदेशी गोरे लोकही थांबून बघत होते. त्यांना मराठी येत नव्हतं पण आजींनी डोकं वाकवलं तेव्हा तेही हसले. आम्ही खेड्यातली पोरं, पुण्याच्या आजी आणि ते गोरे, सगळे एका दरवाजापुढं उभे. पुणं एवढं मोठं शहर, तिथं शेजारचा शेजाऱ्याला ओळखत नाही असं आमचे अण्णा म्हणतात. पण तिथं मला तसं वाटलं नाही. तो दरवाजा केळकरांनी आणला नसता तर आजींनी आम्हाला काय दाखवलं असतं?

आता एक लिहायचं की नाही असा मला प्रश्न पडला होता. आजीला विचारलं, ती लिही म्हणाली.

दिवाळीच्या आधी आमच्या दारात मोडवाला आला होता. आमच्या विहिरीची मोटर जळाली होती आणि ती भरून आणायला पैसे पाहिजे होते. अण्णांनी माळ्यावरून तांब्याचा हंडा, जुना बंब आणि एक पितळेची समई काढली. समईच्या टोकावर मोर होता, त्याची चोच मोडलेली होती. ती आजीच्या लग्नातली समई. आजी तेव्हा शेतात गेली होती. हंडा मीच उचलून काट्यावर ठेवला. समईसुद्धा मीच दिली, आणि ती हलकी भरते म्हणून मोडवाल्याला म्हणालो की नीट मोजा. अण्णांनी मला वीस रुपये दिले. मी चिप्सचा पुडा घेतला. संध्याकाळी आजी आली. तिनं देवळीत जिथं समई असायची तिथं बघितलं आणि पदरानं ती देवळी पुसली. कोणाला काहीच बोलली नाही. मला तेव्हा काही कळलं नाही. अण्णांचीही चूक नाही, मोटर नसती तर गहू वाळला असता.

संग्रहालयात समयांच्या कपाटासमोर मी उभा होतो तेव्हा मला ती पुसलेली देवळी आठवली. मी प्रत्येक समईची चोच पाहिली. आमची तिथं असणं शक्यच नव्हतं, ती तर वितळून गेली असेल. तरी पाहिली.

घरी आल्यावर मी आजीला सगळं सांगितलं. मग आजीनं तिचा अडकित्ता दाखवला. तो मी रोज बघतो पण कधी पाहिला नव्हता. पातं लोखंडी आहे, मुठी पितळेच्या. मुठीवर काहीतरी कोरलेलं आहे, ते आता झिजून गेलंय. आजी म्हणते ती मोराची मान आहे. तो तिच्या सासूबाईंचा, म्हणजे माझ्या पणजीचा. मी म्हणालो की असेच अडकित्ते पुण्यात काचेमागं ठेवलेत आणि लोक तिकीट काढून बघतात. आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला काळजी पडली की सगळे अडकित्ते काचेमागं ठेवल्यावर पुण्याचे लोक सुपारी खातात कशी.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली. मग बाईंनी वर्गातल्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून दिला. तिथं आम्ही आमचं छोटं संग्रहालय करतोय. आतापर्यंत आलेल्या वस्तू अशा: धान्य मोजायची एक पायली आणि दोन शेर, जात्याचा लाकडी खुंटा, काठवट, बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ, कंदिलाची एक काच (ती दुसऱ्याच दिवशी तडकली, कोणी तडकवली ते सांगत नाही), आणि एका मुलीच्या पणजोबांची दौत. दौतीत अजून वाळलेली शाई आहे. बाईंनी प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायला सांगितली. चिठ्ठीवर तीन ओळी. वस्तूचं नाव, कोणाच्या घरची, आणि कोणी बनवली.

तिसरी ओळ बहुतेक सगळ्या चिठ्ठ्यांवर कोरीच आहे. पुण्याच्या संग्रहालयातही अडकित्त्याखाली कारागिराचं नाव दिसलं नाही. पूर्वीचे लोहार, सुतार, तांबट आपलं नाव वस्तूवर घालत नसत. आम्ही आमच्या गावच्या लोहारकाकांना विचारायला गेलो. त्यांनी पायली हातात घेतली, कडी बघितली आणि कडी आपल्या वडिलांच्या हातची आहे हे लगेच ओळखलं. मग त्यांनी ती बराच वेळ खाली ठेवली नाही. त्या चिठ्ठीवरची तिसरी ओळ आता भरली आहे.

भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना एक विनंती आहे. माळ्यावर, गोठ्यात, परड्यात काही जुनी वस्तू पडली असेल आणि ती मोडीत द्यायची असेल तर द्या, पैशाची गरज असते. पण आधी एक दिवस ती शाळेत पाठवा. आम्ही तिचं चित्र काढून घेऊ, माप लिहून घेऊ आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तिची माहिती लिहू. वस्तू परत पाहिजे असेल तर परत मिळेल. बाईंनी त्यासाठी वही केली आहे, तिच्यात सही करायची. केळकरांना एकट्याला हिंडावं लागलं, आम्ही तर सत्तावीस मुलं आहोत.

आजीचा अडकित्ता मात्र कपाटात कायमचा ठेवता येत नाही. तिला तो रोज लागतो. म्हणून तो सकाळी माझ्याबरोबर दप्तरातून शाळेत येतो आणि दुपारच्या सुट्टीत मी तो घरी नेऊन देतो. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी बाराच्या आत यावं.